पाटीखालची खाट

खाट आली ती मालगाडीनं, मुंबईहून, गवतात आणि गोणपाटात गुंडाळून, आणि ती सोडवायला अभिमन स्टेशनवर गेला तेव्हा त्याला वाटलं की आपल्या हातून आयुष्यात पहिलं मोठं काम होतंय. सदुसष्ट साल. लोखंडी खाट, पांढरा रंग, पायथ्याशी एक दांडा, आणि तो दांडा फिरवला की खाटेचा उशाकडचा भाग हळूहळू वर येणार आणि झोपलेला माणूस आपोआप बसता होणार! अशी खाट जळगावात दवाखान्याबाहेर कुणी बघितलीसुद्धा नव्हती. हमालानं तिथंच दांडा चार वेळा फिरवून बघितला, मग पानवाल्यानं, मग टांगेवाल्यानं, फक्त घोडाच काय तो राहिला.

अभिमन म्हणजे नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीवर बसणारा. सव्वीस वर्षांचा, एकटा, जोशी पेठेत एका खोलीत भाड्यानं. पाच वाजेपर्यंत लोकांचं जन्मणं-मरणं वहीत लिहायचं आणि पाचनंतर सद्भाव रुग्णसेवा मंडळाचं चिटणीसपद सांभाळायचं. मंडळाचं काम साधं. घरात कुणी आजारी पडलं की शेकायची रबरी पिशवी, बेडपॅन, कुबड्या, जे लागेल ते फुकट न्या, काम झालं की धुऊन आणून द्या. तेवढंच. पण अभिमन ते असं करायचा की जणू सगळ्या जिल्ह्याची तब्येत त्याच्या सहीवर अडलीय.

खाट दिली मंडळाच्या अध्यक्षांनी, कापडवाल्या झुंबरलालशेठनी, गेलेल्या आईच्या नावानं. आणि दान म्हटलं की पाटी आलीच. आपल्याकडे पाणपोईत माठ एक आणि पाट्या तीन असतात, ते सोडा. शेठजींनी पत्र्याची पाटी करून घेतली आणि खाटेच्या उशाला दोन स्क्रूंनी पक्की बसवली. 'मातोश्री कै. सुगनबाई यांच्या पुण्यस्मरणार्थ', त्याखाली जन्माची तारीख, त्याखाली स्वर्गवासाची, आणि मधोमध सुगनबाईंचं चित्र. पेंटर सिनेमाची पोस्टरं रंगवणारा, त्यामुळे डोळे जरा जास्तच जिवंत झालेले. डोक्यावर पदर, कपाळाला टिकली, आणि नजर सरळ खाली. खाली म्हणजे कुठं? तर खाटेवर जो झोपेल त्याच्या तोंडावर.

सात महिने खाट कुणी घरी नेली नाही.

लोक यायचे, खाट बघायचे, दांडा फिरवायचे, वा वा म्हणायचे, मग पाटी वाचायचे आणि शेकायची पिशवी घेऊन जायचे. त्यातून खाट घ्या म्हणून मागं लागणारा माणूस कोण, तर मृत्यूच्या खिडकीवर बसणारा! नशिराबादचा एक शेतकरी तर अभिमनला ओळखून म्हणाला, "साहेब, तुम्ही दोन्ही कामं एकदमच करून टाकता का?" अभिमनला हे इतकं लागलं की तो दोन दिवस जेवला नाही. म्हणजे एक दिवस. दुसऱ्या दिवशी समोरच्या सुनंदाबाईनं कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवलं, मग काय करणार?

या सुनंदाबाईसाठीच तर पुढचं सगळं झालं. अभिमनच्या समोरच्या घरात पितांबर राहायचा, जिनिंग प्रेसमध्ये टाइमकीपर, त्याची ही बायको. तिशीची असेल नसेल. सोबत पितांबरची आई, कुंदाअक्का, शिरपूरकडची, बोलली की गल्ली ऐकणार. सुनंदाबाई अभिमनला भाऊ म्हणायची आणि तो एकटा राहतो म्हणून आठवड्यातून तीनदा तरी काहीतरी पाठवायची, पाठवायची म्हणजे स्वतःच ताटली घेऊन यायची आणि खोलीतला पसारा बघून बोलूनही जायची. ती एका दुपारी धाब्यावर वाळत घातलेल्या मिरच्या काढायला शिडीवर चढली आणि शिडी सरकली.

कमरेखाली जीव राहिला नाही. चार महिने ती जमिनीवर गादीवर पाठीवर पडून. पाठीला जखमा झाल्या. कुंदाअक्का त्या जखमा रोज कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायची आणि धुताना शिडीला, मिरच्यांना आणि देवाला शिव्या घालायची. डॉक्टरांनी पितांबरला आणि अभिमनला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं, की बाई उभी राहणार नाही. मणका गेला. पण पाठ उचलून बसवता आलं तर जखमा भरतील, जेवण जाईल, बरं वाटेल. बसती करणारी खाट मिळते का बघा.

हे मी आत्ताच सांगून टाकतो, ती पुढे कधी उभी राहिली नाही. उगाच आशेवर ऐकू नका.

आता बसती करणारी खाट मिळते का म्हणजे? चिटणीस समोर उभा! अभिमन धावतच आला, दारातूनच ओरडला, "अक्का, खाट आणतो! मंडळाची!"

कुंदाअक्का म्हणाली, "ती? मरेल बाईना नावखाले मनी सून झोपाव नही."

"अक्का, अहो नुसती पाटी आहे."

"डोळा वटारी राहिनी ती बाई. मी बघेल शे. तिले एकटीले करमत नसेल वर, मनी सून बोलाई लेई."

पितांबर आईसमोर कधीच काही बोलायचा नाही, तीन पाळ्यांच्या कामगारांना वेळेवर आणणारा माणूस, पण घरात घड्याळ आईचं. आणि आतून सुनंदाबाईचा आवाज आला, बारीक, "भाऊ, त्यात खरंच बसता येतं का हो?"

बस. त्या दिवसापासून अभिमनला दुसरं काही सुचेना.

गल्लीनं सल्ले दिले. एक म्हणाला पाटीवर टॉवेल टाका. टाकला, तर धर्मशाळेच्या खोलीत जिथं खाट ठेवलेली तिथं झाडणाऱ्या बेबाबाईनं तो टॉवेल पुसायला घेतला, कारण ती खाटेवर उडदाचे पापड वाळवत होती आणि खाली पिठी सांडली होती. दुसरा म्हणाला खाट उलटी वापरा, डोकं पायथ्याला. हे अभिमनला एकदम पटलं! त्यानं स्वतः पायथ्याकडे डोकं करून झोपून बघितलं आणि बेबाबाईला म्हणाला, फिरवा दांडा. तिनं फिरवला. अभिमनचे पाय वर, वर, आणखी वर, डोकं खाली, आणि दांडा अडकला. अर्धा तास आपला चिटणीस पाय आभाळाकडे करून, समोर पाटीवरच्या सुगनबाई आपल्या तळपायांकडे बघतायत हे बघत पडून होता. बेबाबाई म्हणाली, "साहेब, पापडावर झोपलात तुम्ही."

मग राहिला सरळ मार्ग, सभा. अभिमननं अर्ज लिहिला, विषय : पाटीचे स्थलांतर. घेवरचंदजी म्हणून एक जुने सभासद होते, ते म्हणाले पाटी पायथ्याला लावू. दुसऱ्यानं विचारलं, म्हणजे पेशंट दिवसभर तीच बघणार? ते खरं म्हणून मग ती खाटेखाली लावायचं ठरत होतं, तेवढ्यात झुंबरलालशेठ पहिल्यांदा बोलले.

"आईला खाटेखाली?"

अभिमनच्या खिशात पाटीचे स्क्रू काढायला पेचकस होता. घरून निघतानाच घेतलेला.

शेठजी म्हणाले, "माझी बाई, आईला मी बाईच म्हणायचो, पाच महिने जमिनीवर होती. आमचं एवढं मोठं दुकान, पण अशी खाट कुठं मिळते हेच माहीत नव्हतं. ती म्हणायची, झुंबर, मला एकदा बसव, गिऱ्हाईक येतंय का बघू दे. मी पाठीला चार उशा लावायचो, आणि ती घसरायची. पाचवी लावायचो, घसरायची. शेवटी म्हणाली, राहू दे बेटा, तू सांग, मी ऐकते." मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पाटी तिथंच राहील, अभिमनभाऊ. कोणीतरी तिच्या जागेवर बसलेलं तिला दिसू दे."

आता सांगा, यावर कोण पेचकस काढील? ठराव पुढच्या सभेवर ढकलला. अभिमन बाहेर आला तो चिडून नाही, रडवेला होऊन, आणि त्याच अवस्थेत तो सरळ कुंदाअक्काच्या ओट्यावर गेला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अक्का, त्या खाटेवर माणूस बरा झालाय!"

"कोन?"

"आहे एक. मरायला टेकला होता. आता चालतो."

"आन त्याले."

झालं! खोटं बोलायलाही सराव लागतो, याला वहीत खरं लिहायची सवय. रात्रभर विचार करून, म्हणजे केलाच नाही, सकाळीच तो जकात नाक्यावर चुडामणकडे गेला. चुडामण नाकेदार, अभिमनचा शाळेपासूनचा दोस्त, सहा फूट उंच, तालमीतला, जन्मात याला सर्दी झालेली नाही. तो म्हणाला, "मला काय बोलायचंय?" अभिमन म्हणाला, "काही नाही. नुसतं चालून दाखव."

पण चुडामणला नुसतं चालता येतं होय? तो आला, काठी टेकत आला, कुणी सांगितली होती काठी? ओट्यावर बसला आणि जो सुरू झाला! वरणगावच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं, घरच्यांनी तोंडात तुळशीचं पाणी घातलं, मग ही खाट आली. अभिमन मागून खुणा करतोय, पुरे, पुरे. कुंदाअक्कानं त्याचे गुडघे दाबून बघितले, पोटऱ्या दाबल्या, दंड दाबला, आणि विचारलं, "कितला दिन लागनात?"

"एकवीस!" चुडामण म्हणाला. "एकविसाव्या दिवशी उभा."

पितांबर उठून आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला, आणि म्हणाला, "हातगाडी सांगू का मी?"

अभिमननं त्याच्याकडे बघितलं. व्हरांड्यात डॉक्टर बोलले तेव्हा हा शेजारीच उभा होता की!

अक्कानं मान डोलावली आणि खाट निघाली. वाटेत कपड्यानं झाकली तर लोक जास्तच बघतात म्हणून उघडीच नेली, तर पुढं हातगाडीवाला, वर सुगनबाई, आणि शेजारून मृत्यूच्या खिडकीवाला अभिमन मान खाली घालून. दर चार दुकानांमागे एक जण पायरीवर यायचा, टोपी काढायचा, "कोण गेलं हो?" अभिमन म्हणायचा, "कुणी नाही." "मग कोण जाणाराय?" एका न्हाव्यानं तर अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट हात जोडले.

पण सुनंदाबाईला त्या खाटेवर ठेवलं आणि पितांबरनं दांडा फिरवला ना, ते बघायला तुम्ही पाहिजे होता. ती हळूहळू वर आली. चार महिने तिनं छताच्या लाकडांशिवाय काही बघितलं नव्हतं. आधी भिंत दिसली, मग खिडकीचा कठडा, मग बाहेरचा नळ आणि नळावरची भांडणं. ती म्हणाली, "अगं बाई, लताबाईनं नवा हंडा घेतला!" आणि हसली, आणि मग हसता हसता तिला रडू यायला लागलं. कुंदाअक्का दारात उभी. ती खोलीत यायची, जखमा धुवायची, भरवायची, पण खाटेच्या लोखंडाला बोट लावायची नाही. उशाकडे तर बघायचीसुद्धा नाही, सुगनबाईंशी तिचं भांडण चालूच होतं.

जखमा भरायला लागल्या. सुनंदाबाई बसून लसूण सोलायची, गव्हातले खडे वेचायची, खिडकीतून नळावरच्या बायकांना ओरडून सांगायची की रांग मोडू नका. अभिमनला परत ताटल्या यायला लागल्या. सगळं छान! फक्त ती दिवस मोजत होती. आज सात झाले भाऊ. आज नऊ.

बाराव्या दिवशी अभिमन चुडामणकडे पळाला. "आकडा वाढव! काहीतरी सांग." चुडामण गेला आणि म्हणाला, "अक्का, मी एकवीस म्हणालो ते पुरुषांचं. बायकांचा हिशेब वेगळा असतो."

"वेगळाच राहास," कुंदाअक्का म्हणाली. "बाया लवकर उठतीस. बाईले पडी राहाना कंटाळा येस."

नाही म्हणायची सोय आहे का? आणि चुडामणला आता रोज बोलावणं यायला लागलं. सुनंदाबाई विचारायची, भाऊ, आधी कुठं मुंग्या आल्या? डाव्या पायाला की उजव्या? तो म्हणायचा उजव्या. दुसऱ्या दिवशी ती उजव्या पायाकडे दिवसभर बघत बसायची. तो माणूस वाळायला लागला, खरंच सांगतो, सहा फुटांचा पहिलवान, नाक्यावर गाड्या न तपासता सोडायला लागला. म्हणाला, "अभिमन, मला एकदा खरंच ट्रकनं उडवलं असतं तर बरं झालं असतं."

अभिमननं चिटणीसपणाचा शेवटचा उपाय केला, पितांबरला गाठलं. प्रेसच्या फाटकावर, सरकीच्या ढिगाशेजारी. म्हणाला, "पितांबरभाऊ, डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय ना? वहिनींना तुम्ही हळूच सांगा."

पितांबरनं पिशवी उघडून दाखवली. आत नव्या चपला होत्या, बायकांच्या, लाल पट्ट्याच्या. म्हणाला, "जुन्या त्या दिवशी शिडीखाली तुटल्या. माप बरोबर असेल ना हो?"

अभिमन तसाच परत आला.

एकविसाव्या दिवशी रविवार. आमची सगळी गल्ली जमली, त्यात मीही. पेढे आले. आणि कहर म्हणजे झुंबरलालशेठ आले, पत्नी प्रेमकुंवरबाईंना घेऊन, नारळ घेऊन, त्यांना कुणीतरी सांगितलेलं की तुमच्या आईच्या खाटेनं माणसं उठतात. ते पाटीसमोर हात जोडून उभे, डोळे ओले. सुनंदाबाईनं हिरवं लुगडं नेसून घेतलं होतं, केसात अबोली. चुडामण दाराच्या मागे लपलेला, त्याला तिनंच पुढं बोलावलं. "असे समोर उभे राहा भाऊ, म्हणजे मला धीर येईल."

पितांबरनं तिच्या पायात चपला घातल्या. माप बरोबर होतं. एका बाजूनं पितांबर, एका बाजूनं अभिमन, आणि तिनं दोघांच्या खांद्यांवर हात टाकून जोर केला. अभिमन सांगतो, तिच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलंच नव्हतं, खांद्यावर बोटं रुतली. ती उचलली गेली. क्षणभर सगळ्यांना वाटलंसुद्धा. पण पाय खाली दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लोंबत राहिले, एक चप्पल निसटून पडली, आणि ती हळूहळू परत खाटेवर बसली. एकदा आणखी केलं. तिसऱ्यांदा पितांबरच म्हणाला, "पुरे गं."

शेठजींनी नारळ पिशवीत परत ठेवला. आणि सुनंदाबाईनं काय केलं असेल? तिनं चुडामणकडे बघितलं, तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा ओठ दाबत उभा, आणि म्हणाली, "तुम्ही तालमीतले भाऊ. तुम्हाला एकवीस लागले, मला बावीस लागतील. पेढे घ्या ना सगळ्यांनी, ताटलीत तसेच राहिले."

तेवढ्यात कुंदाअक्का दारातून पुढं आली. चुडामणसमोर उभी राहिली, त्याच्या छातीएवढी. "तू उभा ऱ्हायना तव्हय पहिल्यांदा कुठला पाय टेकना?"

चुडामणनं तोंड उघडलं. इतके दिवस त्या तोंडाला खळ नव्हती. आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, मिशीवरून, सदऱ्यावर, आणि त्यानं ते पुसलंही नाही.

"तू पडेलच नव्हता ना रे?" कुंदाअक्का म्हणाली.

त्यानं मान हलवली. अभिमन म्हणाला, "अक्का, त्याचं काही नाही, मीच..." तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती पितांबरला म्हणाली, "हातगाडी बोलाव. उचला हाई खाट मना घरमाईन."

पितांबर जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा! तो नुसती ती पडलेली चप्पल हातात धरून उभा.

सुनंदाबाई म्हणाली, "आत्याबाई."

"तू बोलू नको."

"आत्याबाई, नाही उभी राहायची मी. ते मला आठव्या-नवव्या दिवशीच कळलं होतं. पण मी म्हटलं, एकवीस दिवस तरी खाट राहील." तिचे दोन्ही हात खाटेच्या कडेला घट्ट होते. "मला परत खाली निजवू नका. मला नुसतं बसून राहू द्या."

लोक एक-एक करून बाहेर सरकायला लागले. शेठजी मात्र तिथंच उभे, टोपी हातात. कुंदाअक्कानं खाट घरात आल्यापासून पहिल्यांदाच मान वर करून पाटीकडे बघितलं, सुगनबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून, असं की आता दोघींत काय ते होऊन जाऊ दे. आणि मग पदर खोचून ती पायथ्याशी गेली, खाली बसली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि फिरवला.

उलटा. सुनंदाबाई मागं जायला लागली, खाली, आणखी खाली, अगदी आडवी झाली, छताकडे बघत. तिला वाटलं संपलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"हाऊ दांडा कोनता बाजूले फिरस रे मुडद्यास्वन?" कुंदाअक्का ओरडली.

"डावीकडे," अभिमन म्हणाला. "डावीकडे, अक्का."

पितांबर पुढं झाला तर तिनं त्याचा हात झटकून टाकला. धापा टाकत, आमच्या सगळ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घालत, ती फिरवत राहिली, आणि सुनंदाबाई हळूहळू वर आली.

"आजून?"

"अजून थोडं, आत्याबाई."